टेक्सासमधलं घर, पाच हप्ते थकलेत. न्यू जर्सीसारखी दोन वर्षं मिळतात का?

कृष्णाकाठ | २४ मे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही असल्या विषयावर. माझा मोठा भाऊ टेक्सासला फ्रिस्कोत असतो. २०१९ मध्ये घर घेतलं, गेल्या ऑक्टोबरमध्ये जॉब गेला, डिसेंबरपर्यंत साठवलेल्यातून हप्ते भरले आणि जानेवारीपासून एकही भरलेला नाही, म्हणजे मे धरून पाच झाले. महिन्याला २,८५० डॉलर, प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्सचं एस्क्रो (म्हणजे त्यांचे पैसे बँक हप्त्यातच घेऊन बाजूला ठेवते) त्यातच. आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. बँकेचं सर्टिफाइड मेलने आलेलं पत्र दादाने गाडीतल्या खणात कोंबून ठेवलेलं आणि वहिनीला इन्शुरन्सचं कार्ड शोधताना ते सापडलं. पत्रावर ३ मे तारीख आहे, २ जूनपर्यंत थकलेलं सगळं भरा नाहीतर पूर्ण लोन एकदम मागू आणि घर विकायला काढू असं लिहिलंय.

वहिनीची झोप उडालीये आणि दादा एकदम निवांत. त्याचा कॉलेजचा मित्र न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी म्हणे दोन अडीच वर्षं हप्ता न भरता त्याच घरात काढली, त्यामुळे दादाचं एकच पालुपद, कोर्टात केस उभी राहायलाच वर्ष जातं, तोपर्यंत मी भरून टाकीन. एप्रिलच्या मध्यापासून त्याला नवीन जॉब लागलाय, पगार आधीपेक्षा कमी आहे पण पुढचे हप्ते निघतील, मागची थकबाकी एकदम निघणार नाही. ग्रीन कार्ड आहे त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

आणि बाबांची गंमत (गंमत कसली). मिरजेला फोन करून सांगायला गेले की दादाच्या घराचं फोरक्लोजर (हप्ते थकले म्हणून बँकेने घर विकणं) होतंय, तर म्हणाले अरे वा, एवढ्यात लोन फिटलं पण? तिकडच्या बँकेत फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करणं ना. दोन मिनिटं पेढ्यांचीच गोष्ट चालली होती, मला मधे बोलताच येईना.

तर खरंच दोन वर्षं मिळतात का? वकील गाठायचा का? की घर विकून मोकळं व्हायचं? कर्ज साधारण ३,४०,००० बाकी आहे आणि गल्लीतली तशीच घरं ५,६०,००० च्या आसपास गेलीत.

ह्यूस्टनचा_उन्हाळा | २४ मे

ताई, पहिलं काम म्हणजे दादाला त्या एडिसनवाल्या मित्राशी या विषयावर बोलणं बंद करायला सांगा. मित्र खोटं बोलत नाहीये, पण तो दुसऱ्या राज्याचं सांगतोय. इथे घर कुठल्या राज्यात आहे त्यावर सगळं ठरतं, बँक तीच असली, लोन तेच असलं तरी.

टेक्सासमध्ये घर घेताना आपण जी कागदांची चळत सही करतो त्यात डीड ऑफ ट्रस्ट असतं, त्यात हप्ते थकले तर घर विकायचा अधिकार आपणच ट्रस्टीला (त्या कागदात नेमलेला तिसरा माणूस) देऊन बसलेलो असतो. त्यामुळे नेहमीच्या लोनला बँकेला जजचं तोंड बघावं लागत नाही. राहत्या घराला कायद्याने थकबाकी भरायला किमान २० दिवस द्यावे लागतात (तुमच्या पत्रात ३० आहेत कारण बहुतेक डीडमध्येच ३० लिहिलेले असतात), ते संपले की लिलावाच्या किमान २१ दिवस आधी नोटीस, एक प्रत घरी, एक काउंटी क्लर्ककडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आणि एक कोर्टहाउसला डकवलेली. आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ च्या मधे. आता बोटं मोजा, २ जूनला मुदत संपली, नोटीसीचे २१ दिवस म्हणजे २३ जून, म्हणजे जुलैचा पहिला मंगळवार बँकेला मोकळा आहे. दोन वर्षं सोडा, सहा आठवडे आहेत.

आणि एकदा लिलाव झाला की नंतर पैसे भरून घर सोडवता येत नाही. लोक इथे गोंधळ करतात कारण प्रॉपर्टी टॅक्ससाठी राहतं घर गेलं तर सोडवायला २ वर्षं असतात, एचओएने (कॉलनीची सोसायटी) विकलं तर १८० दिवस, पण बँकेच्या लिलावाला तसलं काही नाही. होमस्टेडचं (राहतं घर देणेकऱ्यांपासून वाचवणारं) संरक्षण आहे म्हणून पण बरेचजण गाफील असतात, ते क्रेडिट कार्डवाल्यांसाठी, ज्या कर्जाने घर घेतलं त्याला ते लागू नाही.

मी एक लिलाव प्रत्यक्ष बघितलाय, २०११ मध्ये, शेजाऱ्याच्या घराचा. सोबत म्हणून गेलो होतो. आम्हाला वाटलेलं आत कोर्टरूम असेल, कुणीतरी विचारेल काही म्हणायचंय का. तर बाहेर उन्हात एक माणूस हातात पॅड घेऊन पत्ते वाचतोय, एकामागून एक, रेल्वेची अनाउन्समेंट असते तसं, समोर आठ दहा जण टोप्या घालून, खिशात कॅशियर्स चेक, एकाने तर घडीची खुर्ची आणलेली. शेजाऱ्याच्या रस्त्याचं नावसुद्धा धड वाचलं नाही त्याने. चार पाच मिनिटांत विषय संपला आणि शेजारी मला विचारतोय, झालं?

दादाने होम इक्विटी लोन (घर तारण ठेवून वरून काढलेलं कर्ज) वगैरे घेतलंय का तेही विचारा, त्याला टेक्सासमध्ये कोर्टाची ऑर्डर लागते आणि नियम वेगळे आहेत. आणि फ्रिस्को अर्धं कॉलिनमध्ये आणि अर्धं डेंटनमध्ये येतं, तर घर कुठल्या काउंटीत ते बघून त्या क्लर्कच्या साइटवर नोटीसा तपासत राहा.

कृष्णाकाठ | २४ मे

सहा आठवडे?? हात थंड पडले वाचून. कॉलिन काउंटी आहे. होम इक्विटी नाही घेतलेलं. मग आता नक्की करायचं काय, २ जूनपर्यंत तर १४-१५ हजार डॉलर होत नाहीत.

ह्यूस्टनचा_उन्हाळा | २४ मे

घाबरू नका, याच्यावर राज्याचा नाही पण केंद्राचा नियम आहे आणि तो सगळ्या ५० राज्यांत चालतो (सर्व्हिसर म्हणजे लोनचे हप्ते गोळा करणारी बँक किंवा कंपनी, फार छोट्यांना थोडी सूट आहे, दादाची मोठी बँक दिसतेय). १२० दिवसांच्या वर थकल्याशिवाय सर्व्हिसरला फोरक्लोजरची पहिली नोटीस लावता येत नाही, ते तुमचे उलटून गेलेत, जानेवारीपासून धरले तर. पण त्याच नियमात पुढे आहे की पहिली नोटीस लागायच्या आधी लॉस मिटिगेशनचा (घर न विकता थकबाकीवर तोड काढा असा) पूर्ण अर्ज पोचला तर त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस लावायचीच नाही. निकालाला त्यांना ३० दिवस. नोटीस लागल्यावर अर्ज गेला तरी तो लिलावाच्या ३७ दिवसांहून जास्त आधी पूर्ण असेल तर लिलाव थांबतो, पण तुम्ही तिथपर्यंत जाऊच नका कारण टेक्सासमध्ये नोटीसच २१ दिवसांची, नोटीस हातात पडेपर्यंत ३७ दिवसांचं गणित हुकलेलं असू शकतं. म्हणून २ जूनच्या आत अर्ज पूर्ण झाला पाहिजे.

यात ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. अर्धा अर्ज पाठवून लोक खुश असतात आणि बँक म्हणते एक पे-स्टब राहिला. पे-स्टब, दोन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न, जॉब का गेला आणि आता कधीपासून लागला याचं पत्र, जे जे मागतील ते सगळं एकदम. अर्ज पोचला की ५ कामाच्या दिवसांत त्यांनी लेखी कळवायचं असतं की पूर्ण आहे की काय कमी आहे. ते पत्र आल्याशिवाय चैन पडू देऊ नका, फॅक्सची पावती, अपलोडचा स्क्रीनशॉट, फोनवर कोण बोललं त्याचं नाव आणि वेळ, सगळं एका वहीत. दादाला पुन्हा जॉब लागलाय म्हणजे केस चांगली आहे, थकबाकी लोनच्या शेवटाला ढकलतात, हप्त्यात विभागून देतात किंवा लोनच बदलतात, त्यातलं काही ना काही निघेल.

एडिसनची_आजी | २५ मे

मी त्या ‘दोन वर्षं फुकट राहिले’ वाल्यांपैकी एक आहे म्हणून लिहिते. फुकट कुणी राहत नाही बाळांनो.

न्यू जर्सीत बँकेला सुपीरिअर कोर्टात जावं लागतं हे खरं. आधी ३० दिवसांची इंटेन्शनची नोटीस, मग कम्प्लेंट हातात पडली की उत्तर द्यायला ३५ दिवस, मध्यस्थीसाठी अर्ज करायला ६० दिवस. मी मध्यस्थीला गेले, समोर बँकेचा वकील, मधे कोर्टाचा माणूस, आणि हाउसिंग कौन्सेलरची एक मुलगी माझ्या बाजूला, तिने एक पैसा घेतला नाही. नंतर निकाल, मग शेरिफ सेल, म्हणजे शेरिफने केलेला लिलाव. शेरिफ सेलची तारीखसुद्धा घरमालकाला दोनदा पुढे ढकलून घेता येते, दर वेळी ३० दिवसांपर्यंत, फी असते किरकोळ २८ डॉलर. सेल झाल्यावर पण १० दिवस सगळे पैसे भरून सोडवायची सोय आहे. २०२४ पासून तर घरमालकाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला लिलावात ते घर आधी घ्यायचा हक्क दिलाय, साडेतीन टक्के डिपॉझिट भरून. तेवढा वेळ आणि तेवढ्या संधी टेक्सासवाल्यांना नाहीत, हे मान्य.

पण त्या दोन वर्षांत मीटर चालूच असतं. माझ्या केसमध्ये शेवटी लोन मॉडिफिकेशन झालं, म्हणजे लोनच्या अटी बदलल्या, घर वाचलं, आणि व्याज, बँकेच्या वकिलाची फी, त्यांनी माझ्या वतीने भरलेला टॅक्स असं मिळून ४१,००० डॉलर मूळ कर्जात जाऊन बसले. दारावर शेरिफने डकवलेला कागद मी काढला तरी टेपचा डाग राहिला, तो अजून आहे. गणपतीला लोक घरी आले तेव्हा मी त्यावर तोरण लावलं होतं, सप्टेंबरात. कुणी विचारलं नाही पण सगळ्यांना माहीत होतं, कारण लिस पेंडेन्स म्हणजे घरावर केस चालू असल्याची जाहीर नोंद, कुणीही बघू शकतं.

दादाला सांग लाज गाडीच्या खणात ठेवून जात नाही. आणि हाउसिंग कौन्सेलर टेक्सासमध्येही मिळतो, केंद्राच्या हाउसिंग खात्याची म्हणजे हडची मान्यता असलेलाच शोध, फोरक्लोजर टाळायच्या सल्ल्याला ते पैसे घेत नाहीत. वकील गाठायच्या आधी तिथे जा.

आगाऊ_कार्टं | २५ मे

एक बेसिक शंका, रागवू नका. किल्ली बँकेच्या पेटीत टाकून सरळ भारतात निघून गेलं तर काय करतील?

बे_एरिया_भटक्या | २५ मे

रागवत नाही पण हिशोब कच्चा आहे तुझा. ज्या घरात दोन लाखांच्या वर स्वतःचे पैसे अडकलेत त्याची किल्ली कोण टाकतं? किल्ली टाकायचा विचार २००९ च्या सुमाराचा, तेव्हा घराची किंमतच कर्जाच्या खाली गेलेली.

तरी सांगतो. कॅलिफोर्नियात ट्रस्टीने बिनकोर्टाचा लिलाव केला तर कमी पडलेले पैसे बँक मागू शकत नाही, घर गेलं विषय संपला. टेक्सासमध्ये मागू शकते, लिलावानंतर २ वर्षांत दावा लावायचा, फक्त घर कवडीमोलाने गेलं असेल तर कोर्ट बाजारभाव धरून तेवढं वजा करतं. वर क्रेडिट रिपोर्टवर ७ वर्षं डाग. आमच्याकडे कॅलिफोर्नियात नोटीस ऑफ डीफॉल्टची (हप्ते थकल्याची) नोंद झाल्यावर तीन महिने, मग विक्रीची नोटीस २० दिवस, आणि २०१३ पासून होमओनर बिल ऑफ राइट्स आहे, ज्यात बँकेने एक ठरावीक माणूस नेमून द्यायचा, दर वेळी नव्या माणसाला रामायण सांगायला लागू नये म्हणून. टेक्सासच्या कायद्यात तसं काही नाही, मात्र केंद्राच्या नियमाने सर्व्हिसरला तुमच्यासाठी माणसं नेमून द्यावीच लागतात, तर तेवढं हक्काने मागा.

ताई तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर, अर्ज टाका पण एजंटलाही बोलावून ठेवा. ५,६०,००० ला विकलं, एजंट आणि क्लोजिंगचा खर्च गेला, थकबाकी गेली, तरी हातात दीड लाखाच्या वर राहतं. लिलावात कर्ज फिटून वर उरलेले पैसे कायद्याने मालकाचेच, पण लिलावात ५,६०,००० देणारा येत नाही हो, तिथे सगळे स्वस्तात उचलायला बसलेले. उरलेल्या पैशांवरून तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय एक प्रकरण, मिनिआपोलिसकडच्या हेनेपिन काउंटीने ९४ वर्षांच्या आजी जेराल्डिन टायलर यांचा कॉन्डो साधारण १५,००० च्या टॅक्सथकबाकीपायी ४०,००० ला विकला आणि वरचे पण ठेवून घेतले, २०२३ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं असं करता येत नाही. ते टॅक्सचं प्रकरण होतं, बँकेचं नाही, पण उरलेले पैसे आपले असतात हे कितीजणांना माहीतच नसतं.

निवृत्त_बँकर_कोथरूड | २५ मे

धागा वाचला. तुमच्या वडिलांचा गोंधळ साहजिक आहे, आमच्या ब्रँचमध्ये ‘फोरक्लोजर करायचंय’ म्हणत येणारा माणूस हसतमुख असायचा. ज्याला तुम्ही फोरक्लोजर म्हणता त्याला आपल्याकडे सरफेसीची कारवाई म्हणतात, २००२ चा कायदा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, ऋणकोला डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरण) जायला ४५ दिवस. इथेही कोर्टात न जाताच सगळं होतं, त्यामुळे टेक्सास मला ओळखीचं वाटलं. आणि आपल्याकडे संपूर्ण देशात एकच कायदा.

एडिसनची_आजी | २५ मे

काका माहिती छान पण धागा फ्रिस्कोचा आहे, तिला अजून कोथरूडला पाठवू नका 😀

कृष्णाकाठ | २७ मे

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दादाला हा अख्खा धागा व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून दाखवला. आधी चिडला की घरची गोष्ट चार लोकांत का मांडलीस, मग मंगळवारच्या लिलावाचा भाग आल्यावर गप्प झाला, आणि मग म्हणाला परत वाच. आज कौन्सेलरची वेळ मिळालीये उद्याची. बँकेचा अर्ज वहिनी भरतेय, दादा नुसता कागद शोधतोय.

पण आज एक नवीनच प्रकार. एका कंपनीचा फोन आला दादाला, म्हणे आम्ही फोरक्लोजर थांबवतो, आधी १,५०० डॉलर भरा, बँकेशी तुम्ही स्वतः बोलू नका, आणि एक कागद सही करा म्हणजे घर तात्पुरतं आमच्या ट्रस्टच्या नावावर राहील, सगळं निस्तरलं की परत तुमच्या नावावर करू. अजून काउंटीत नोटीस पण लागलेली नाही तर यांना कळलं कसं? दादाला ते बरं वाटतंय, ‘प्रोफेशनल आहेत’ म्हणतोय.

ह्यूस्टनचा_उन्हाळा | २७ मे

नाही नाही नाही. त्या कागदावर सही म्हणजे घर दिलं. कर्ज दादाच्या नावावर, घर त्यांच्या नावावर. आणि असल्या मदतीचे पैसे आधी घेणंच केंद्राच्या नियमाने बंद आहे, बँकेने दिलेली लेखी ऑफर तुम्ही स्वीकारल्यावरच घेता येतात. बँकेशी बोलू नका असं सांगणं पण त्याच नियमात बसत नाही. कसं कळलं म्हणाल तर हप्ते थकलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, नोटीस लागली की बघा पोस्टाची पेटी कशी भरते ते. नंबर ब्लॉक करा.

आणि खरंच सगळं फसलं तर शेवटचा उपाय म्हणून चॅप्टर १३ आहे, लिलावाच्या आधी दिवाळखोरीचा अर्ज गेला की लिलाव तिथेच थांबतो आणि थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडता येते. त्याला मात्र वकील हवाच, आणि तो सोमवारी रात्री शोधायचा नसतो.

कृष्णाकाठ | ९ जून

अपडेट द्यायला उशीर झाला. ३० मेला अर्ज गेला, कौन्सेलरबाईंनी स्वतः बसून एकेक पान तपासलं, दादाच्या टॅक्स रिटर्नवर सही राहिली होती ती त्यांनीच पकडली. काल बँकेचं पत्र आलं, अर्ज पूर्ण आहे, ३० दिवसांत कळवू. वहिनीने त्या पत्राचा फोटो मला, बाबांना आणि तिच्या आईला पण पाठवला. क्लर्कच्या साइटवर रोज बघतेय, जुलैच्या यादीत पत्ता नाही.

आता बाबा म्हणतायत मी एफडी मोडतो, तेरा लाख लागतात ना, पाठवतो. दादा नको म्हणतोय, बाबा ऐकत नाहीत. त्यात टॅक्स वगैरे काही कापतात का?

निवृत्त_बँकर_कोथरूड | ९ जून

आता हा प्रश्न माझा. एका माणसाने आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच घेतलेला कर) कापला जातो, रिटर्न भरताना तो जमेला मिळतो पण तोवर अडकतो. आईच्या नावावरही एफडी असेल तर दोघांनी अर्धे अर्धे पाठवा, मग कुणाचाच कापला जाणार नाही. दोघांचं पॅन लागेल, ब्रँचमध्ये फॉर्म ए-टू भरून द्यायचा. आणि एफडी मोडायच्या आधी बँकेचं उत्तर येऊ द्या, थकबाकी शेवटाला ढकलली तर तेरा लाख लागणारच नाहीत, उगाच व्याज बुडेल.

कृष्णाकाठ | ९ जून

आईची एफडी आहे पण ती दादाला नाही देणार म्हणतेय, आधी त्याने मला फोन करावा म्हणते 😅 सांगते त्याला.